घर कोठे घ्यावे? : खांब परिसरातील कुटुंबांपुढील एक प्रश्न

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)

सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर घरखरेदीचा विषय निघावा, हे काहींना विषयांतर वाटण्याचा संभव आहे. परंतु खांब, कोलाड, नागोठणे, रोहा आणि पेण या पट्ट्यातील घराघरांत आज हीच चर्चा चाललेली असते. मुलगा पनवेलला किंवा मुंबईला नोकरीस लागतो, सून शिकलेली असते, नातवंडांच्या शाळेचा विचार पुढे येतो, आणि मग दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या वडिलांना विचारले जाते, "पप्पा, घर कुठे घ्यायचे?" वडिलांची आयुष्यभराची पुंजी आणि मुलाची पुढच्या वीस वर्षांची मिळकत अशा दोन गोष्टी या एकाच निर्णयात गुंतलेल्या असतात. असा निर्णय महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या जाहिरातीच्या फलकावरून होऊ नये, एवढ्यासाठी हा विषय.

मागील पिढ्यांना हा प्रश्न पडत नव्हता. दुकान जेथे, घर तेथे, बहुधा दुकानाच्या मागच्या पडवीत किंवा माडीवर. मुंबई ही माल आणण्याची जागा होती, रोज जाण्याची नव्हे. धरमतरच्या बंदरातून बोटीने मुंबई गाठण्याचे दिवस होते, पुढे एसटी आली. रोह्यापर्यंत रेल्वे पोहोचली ती १९८६ मध्ये. तेथून दक्षिणेकडे कोकण रेल्वे सुरू झाली आणि १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. त्याच वर्षी हार्बर मार्गाची लोकल पनवेलपर्यंत आली. पनवेलला उतरले की मुंबईची लोकल मिळते, ही सोय झाल्यावर 'रोज जाऊन-येऊन' हा शब्दप्रयोग या भागात रूढ झाला.

या शब्दप्रयोगाची किंमत मात्र नीट मोजली जात नाही. खांब हे महामार्गावरचे गाव, परंतु गावाला रेल्वे स्थानक नाही. नागोठणे, रोहा किंवा कोलाड यांपैकी एखादे स्थानक गाठावे लागते. त्यासाठी एसटी, मिनीडोअर किंवा घरची मोटारसायकल. पनवेल-रोहा मार्गाचे दुहेरीकरण झाले, विद्युतीकरण झाले, मेमू गाड्या धावू लागल्या, हे सर्व खरे. तरीही या मार्गावरील स्थानिक गाड्या दिवसातून मोजक्याच आहेत. लोकल चुकली तर पाच-दहा मिनिटांत दुसरी येते, ही मुंबईची सवय पनवेलच्या पुढे उपयोगी पडत नाही. येथे गाडी चुकली म्हणजे अर्धा दिवस चुकला. शिवाय वेळापत्रक हे प्रवाशाच्या हाती नसते. वर्षानुवर्षे दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर २०२० च्या महासाथीत बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली ती दिव्यापासून. दादरला थेट उतरण्याच्या भरवशावर ज्यांनी नोकरी किंवा घर निवडले होते, त्यांचा हिशेब एका फेरबदलाने चुकला.

म्हणून पहिली गोष्ट अशी की अंतर किलोमीटरांत मोजू नये. घराच्या उंबरठ्यापासून कामाच्या टेबलापर्यंत लागणारा वेळ मोजावा, आणि तोही सकाळचा नव्हे, संध्याकाळचा. सकाळी माणूस ताजा असतो, वाहन मिळते, घरचे कोणी तरी स्थानकावर सोडते. रात्री साडेनऊला स्थानकावर उतरल्यावर रिक्षा असते का, रस्त्यावर दिवे असतात का, सुनेने किंवा मुलीने एकटीने तेथून घरी यावे असे वाटते का, हा खरा कस. स्थानकापासून घरापर्यंतचा हा शेवटचा टप्पा घराच्या जाहिरातीत कधीच नसतो.

आता थोडे आकडे. प्रवासात रोज दोन तास अधिक जात असतील आणि वर्षाचे कामाचे दिवस २८० धरले, तर वर्षाला ५६० तास होतात, म्हणजे तेवीस अहोरात्रांहून अधिक. तेवढा काळ मुलाबाळांपासून, आई-वडिलांपासून वजा होतो. दुसरीकडे, स्थानकाजवळचे घर दहा लाख रुपयांनी महाग पडते असे समजू. वीस वर्षांच्या मुदतीने आणि साडेआठ टक्के व्याजाने दहा लाखांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे ८,७०० रुपये येतो. ही रक्कम लहान नाही. परंतु तिच्यासमोर मिनीडोअरचे भाडे, मोटारसायकलचे पेट्रोल, स्थानकावर गाडी लावण्याचे पैसे, उशीर झाल्यास करावी लागणारी खास रिक्षा आणि गेलेले तास मांडले, तर स्वस्त घर नेहमीच स्वस्त ठरत नाही. व्यापारी माणूस मालाच्या किमतीत हमाली आणि गाडीभाडे धरल्याशिवाय नफा काढीत नाही. तोच व्यापारी घर घेताना केवळ चौरस फुटाचा भाव विचारतो, हे नवलच.

अटल सेतूचे उदाहरण घ्यावे. शिवडी ते न्हावाशेवा हा जवळपास बावीस किलोमीटरचा पूल १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला आणि पेण-पनवेलकडील जमिनीच्या व्यवहारांत त्याचे नाव घेतले जाऊ लागले. पूल उत्तम आहे, वेळ वाचतो, यात शंका नाही. परंतु सुरुवातीच्या दराने मोटारीस जाण्या-येण्याचे ३७५ रुपये पडत. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ९,३७५ रुपये, म्हणजे वर सांगितलेल्या दहा लाखांच्या हप्त्याहून अधिक, आणि त्यात इंधन नाही. पाहुण्यांना विमानतळावर सोडण्यासाठी पूल सोयीचा. रोजच्या नोकरीसाठी घर निवडताना तो हिशेबात धरण्यापूर्वी पगाराकडे पाहावे. उलट एसटीचे गणित अनेक घरांत विचारातच घेतले जात नाही. मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटी प्रवासात निम्मे भाडे आहे. पेणला किंवा पनवेलला शिकवणाऱ्या शिक्षिकेच्या किंवा परिचारिकेच्या महिन्याच्या खर्चात याने बराच फरक पडतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, कारण याच ठिकाणी या भागातील अनेकांचे पैसे अडकण्याची भीती आहे. घर विकणारा आज असलेली वाट विकत नाही, उद्या होणारी वाट विकतो. 'विमानतळापासून इतक्या मिनिटांवर', 'होऊ घातलेल्या महामार्गालगत', 'तिसऱ्या मुंबईत' अशा शब्दांना किंमत लावलेली असते. यातील सर्वच खोटे असते असे नाही. प्रश्न काळाचा आहे.

नवी मुंबईचा इतिहास यासाठी डोळ्यांपुढे ठेवावा. सिडकोची स्थापना १९७० ची. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये झाला आणि शहर वसू लागले. परंतु मानखुर्दहून वाशीला रेल्वे आली १९९२ मध्ये. ज्या तरुण जोडप्याने पुलाच्या भरवशावर सुरुवातीलाच घर घेतले, त्याची मुले महाविद्यालयात जाईपर्यंत लोकलची शिट्टी ऐकू आली नाही. घराची किंमत पुढे वाढली, हे मान्य. पण मधली एकोणीस वर्षे बसच्या रांगेत गेली. नवी मुंबई विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मान्यता २००७ मध्ये मिळाली, भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झाले आणि उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी. बेलापूर ते पेंधर मेट्रोचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि अकरा स्थानकांची ती छोटीशी मार्गिका नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रवाशांच्या सेवेत आली.

आणि हे सर्व दूरचे वाटत असेल तर खांबच्या दारासमोरचा रस्ता पुरेसा आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरांच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले. एका तपाहून अधिक काळ ते रेंगाळले, उच्च न्यायालयात याचिका झाल्या, ठेकेदार बदलले. या काळात खड्ड्यांतून, धुळीतून आणि वळणरस्त्यांवरून रोज ये-जा करणाऱ्यांना कोणी वेळेचा परतावा दिला नाही. पादविहार करणाऱ्या साधू-साध्वींना याच रस्त्याच्या कडेने जावे लागते, त्यांच्या सुरक्षिततेची चिंता येथील प्रत्येक संघाने वाहिली आहे.

तेव्हा सरळ नियम असा ठेवावा की आज जी गाडी धावते आणि आज जो रस्ता चालू आहे, त्यावर घराचा निर्णय घ्यावा. उद्या होणाऱ्या सोयी हा लाभ समजावा, आधार समजू नये. ज्यांच्याजवळ गुंतवणुकीसाठी वेगळे पैसे आहेत, त्यांनी भविष्यावर खुशाल पैसा लावावा. राहते घर मात्र वर्तमानातच घ्यावे.

आता सुरक्षिततेविषयी. हा शब्द उच्चारला की चोरी आणि पहारेकरी एवढेच आठवते. पहारेकरी, फाटक आणि कॅमेरा असलेल्या संकुलाला लोक सुरक्षित म्हणतात. रायगड जिल्ह्याचा अनुभव वेगळे सांगतो. महाडमध्ये २४ ऑगस्ट २०२० रोजी तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून सोळा जणांचा मृत्यू झाला. ती काही जुनी पडकी चाळ नव्हती, दहा वर्षेही न झालेली इमारत होती. ठाण्याजवळ शीळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत पडली आणि चौऱ्याहत्तर माणसे गेली. स्वस्त मिळते म्हणून अपुऱ्या इमारतीतच लोक राहावयास गेले होते. पहारेकऱ्याने या घटना टळल्या नसत्या. बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र हे तीन कागद पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. महारेराचा कायदा २०१७ पासून लागू आहे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर टाकला की मंजुरीची आणि पूर्णत्वाच्या तारखेची माहिती मिळते. घरातील कोणताही महाविद्यालयीन मुलगा पाच मिनिटांत हे पाहून देईल.

पाण्याचा विचार दोन बाजूंनी करावयाचा. एक, जास्त पाणी. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीला आलेल्या महापुराने जांभूळपाडा उद्ध्वस्त झाले आणि नागोठण्यात हाहाकार उडाला. ते दृश्य पाहिलेली माणसे या सभेतही असतील. २६ जुलै २००५ चा पाऊस तर सर्वांनाच आठवतो. नदीकाठचा भराव टाकून सपाट केलेला भूखंड मार्चमध्ये फार सुंदर दिसतो. तेथे पूर्वी पाणी कोठवर चढत असे, हे शेजारच्या शेतकऱ्याला विचारावे. तो अचूक जागा दाखवतो. डोंगराच्या पायथ्याची घरेही तशीच तपासावीत. तळिये २०२१ मध्ये आणि इर्शाळवाडी २०२३ मध्ये दरडीखाली गेली, दोन्ही याच जिल्ह्यातली गावे.

दुसरी बाजू, कमी पाणी. पेण तालुक्यातील हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईकडील वसाहतींना जाते आणि त्याच तालुक्याच्या खारेपाटातील गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, ही विसंगती वर्षानुवर्षांची. धरण जवळ आहे म्हणजे नळाला पाणी आहे असा अर्थ नव्हे. त्या मानाने कुंडलिकेचा काठ भाग्यवान. भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यामुळे ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. खांब-कोलाडकडील माणसाला पाणी विकत घेण्याची सवय नाही, म्हणून नव्या जागी तो हा प्रश्न विचारावयाचे विसरतो. पनवेल परिसरात सदनिका पाहताना संकुलाच्या सचिवांना एकच विचारावे, मे महिन्यात टँकरवर किती खर्च झाला? दरमहाच्या देखभाल खर्चाचे खरे चित्र त्या उत्तरात असते.

रोह्याकडे घर पाहणाऱ्यांनी धाटाव औद्योगिक वसाहतीपासूनचे अंतर आणि वाऱ्याची दिशाही पाहावी. रसायनांचे कारखाने रोजगार देतात आणि जोखीमही. याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही, रोहेकरांना ते ठाऊक आहे.

भूखंड घेणाऱ्यांसाठी एक सूचना. सातबारा उताऱ्यावर स्वतंत्र नाव लागणार का, जमीन बिनशेती झाली आहे का, ती भोगवटादार वर्ग दोनची किंवा आदिवासी खातेदाराची तर नाही ना, हे स्वतंत्र वकिलाकडून तपासून घ्यावे. विकणाऱ्याने दिलेला वकील चालणार नाही. एकाच सातबाऱ्यावर पंधरा जणांची सामाईक नावे लावून दिलेला 'प्लॉट' हा प्लॉट नसतो, तो पंधरा कुटुंबांचा भावी वाद असतो. ओळखीचा माणूस आहे, समाजाचा आहे, देरासरात रोज भेटतो, ही कागदाची जागा घेणारी गोष्ट नाही. पेण अर्बन बँकेवर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, तेव्हा ओळखीवर ठेवलेल्या विश्वासाचे काय होते ते या तालुक्याने घरोघरी अनुभवले आहे.

मग शेवटी घर कोठे घ्यावे? याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. ज्याचे काम पनवेल, कळंबोली, तळोजा किंवा न्हावाशेवा बंदराकडे आहे, त्याने पेण शहराचा विचार जरूर करावा. बाजारपेठ, शाळा, दवाखाने आणि एसटीचे आगार तेथे आहे, आई-वडील खांबला असतील तर रविवारी भेटता येते. ज्याला रोज दादर किंवा फोर्टला जावयाचे आहे, त्याने पेणहून रोज जाण्याचा हट्ट धरू नये. त्याला पनवेल हेच पहिले सोयीचे ठिकाण, कारण लोकल तेथूनच सुटते आणि बसावयास जागा मिळते. पण पनवेल म्हणजे स्थानकापासून चालत जाता येईल असे पनवेल. रिक्षाने अर्धा तास लागणारे 'न्यू पनवेलजवळ' हे पनवेल नव्हे. दोन खोल्यांऐवजी एक खोली मिळाली तरी चालेल. दिवा-मुंब्रा भागातील कमी भाव अनेकांना खुणावतात. तेथील लोकलच्या गर्दीची भीषणता जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ धावत्या गाड्यांतून प्रवासी पडून मृत्युमुखी पडले तेव्हा साऱ्या राज्याने पाहिली. दारात लोंबकळून करावयाचा प्रवास घराच्या किमतीतून वजा होत नाही, तो जिवावर येतो.

आणि ज्याचे काम धाटाव, नागोठणे किंवा डोलवीला आहे, त्याने शहरात घर घेण्याची घाई का करावी? खांबचे स्वतःचे घर, मोकळी हवा, वाहते पाणी आणि दुकानाची मिळकत सोडून केवळ 'मुंबईकडे फ्लॅट आहे' असे लग्नाच्या बैठकीत सांगता यावे म्हणून वीस वर्षांचा हप्ता अंगावर घेणे, हा व्यवहार नव्हे. हे बोलणे काहींना लागेल, परंतु विवाहाच्या बोलण्यांत हा मुद्दा किती वेळा येतो ते सर्वांना माहीत आहे.

देरासर किंवा स्थानक जवळ असावे, पाठशाळा असावी, साधू-साध्वींना गोचरीस येता यावे, ही अपेक्षा रास्त आहे. वृद्ध माता-पित्यांच्या दृष्टीने तर ती सुरक्षिततेचाच भाग, कारण ओळखीची माणसे रोज दिसली की एकटेपणा येत नाही. मात्र या एका कारणासाठी परवानगी नसलेल्या इमारतीत किंवा आवाक्याबाहेरच्या भावाला घर घेऊ नये. शेजारी समाजाचाच असावा असा आग्रहही नसावा. पुरात आणि आजारपणात धावून येणारा शेजारी कोणत्या समाजाचा असेल हे सांगता येत नाही, आणि या गावांनी ते अनेकदा पाहिले आहे. चौविहाराची अडचण अनेक तरुण सांगतात. नोव्हेंबरअखेरीस मुंबईत सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. सहाला कचेरी सुटणाऱ्याला कोणत्याही उपनगरातील घर सूर्यास्तापूर्वी गाठता येणार नाही. त्यावर घराची जागा हा उपाय नव्हे, दुपारी सोबत नेलेला दुसरा डबा हाच उपाय.

शक्य असेल त्यांनी खरेदीपूर्वी त्याच भागात अकरा महिने भाड्याने राहावे. भाड्याचे पैसे फुकट गेले असे वडीलधाऱ्यांना वाटते, पण तपासणी न करता माल उचलणारा व्यापारी किती दिवस टिकतो? भाड्याने राहणे शक्य नसेल, तर निदान एकदा जुलैतल्या भर पावसाच्या दिवशी, कामावरून सुटण्याच्या वेळी, मुलगा आणि सून या दोघांनी ज्या गाडीने रोज यावे लागणार आहे त्याच गाडीने त्या स्थानकावर उतरावे आणि पायी किंवा रिक्षाने त्या इमारतीपर्यंत जावे. दलालाची मोटार त्या दिवशी बोलावू नये. जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत पाणी साचले आहे का ते पाहावे, तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाशी दोन शब्द बोलावेत, आणि परतीची गाडी किती वाजता मिळाली ते लिहून ठेवून मगच इसाराची रक्कम ठरवावी.